काठोकाठ भरलेली वाटी

झूराकानला एवढंच कळत नव्हतं की बायका जातात कुठे.

भांडण नाही, तंटा नाही. आधी कालिपा म्हणाली, रक्तदाब वाढलाय, डॉक्टर नको म्हणतो. मग बुरुलचाचा निरोप आला, सून माहेरी गेलीय, गाईंच्या धारा कोण काढणार. त्यापाठोपाठ त्या दोघी जावा, ज्या एकमेकींशिवाय शेजारीसुद्धा जात नाहीत, त्या एकदमच यायच्या बंद झाल्या. सात जणींचा, लोकर दाबून नमदे करायचा कारखाना. कारखाना कसला, जुन्या मेंढवाड्याची लांबलचक खोली. तिच्यात आता झूराकान, तिची सून आइझान आणि कानांनी बहिरी शायिर, एवढ्याच उरल्या.

आणि नमदा ही काही तिघींनी उरकायची चीज नाही. लोकर पसरायची, उकळतं पाणी शिंपडायचं, बोरूच्या चटईत गुंडाळून दोरानं आवळायची, आणि मग एका रांगेत गुडघे टेकून, कोपरापासून हात दाबत ती वळकटी ढकलायची. रांग तोकडी पडली की मधे घट्ट, कडेला भुसभुशीत. असला नमदा नव्या जोडप्याच्या तंबूघरावर घातला तर पहिल्याच हिमात नवरी भिजेल. पलीकडच्या गावातलं लग्न बर्फ पडायच्या आत होतं आणि छपराचे दोन्ही नमदे अजून लोकरीतच पडले होते. हे काम दुसऱ्या खोऱ्यात गेलं की त्यामागून सगळीच कामं जाणार, आणि मग मेंढवाड्यात पुन्हा मेंढ्याच बांधा.

झूराकानच्या आधी हा कारभार उलकान-एजेंकडे होता; वयानं मोठीला सगळ्या एजेच म्हणत. त्यांचे गुडघे गेले म्हणून त्या घरी बसल्या. त्या असताना झूराकान कैकदा कुरकुरली होती, की ही बाई करते काय? नुसता चहा ओतते. ते अगदीच खोटंही नव्हतं. एजेंनी कधी हुकूम केला नाही, आवाज चढवला नाही. पाणी कुणी उकळायचं, कुणी कुठे बसायचं, सगळं आपोआप व्हायचं.

झूराकान असल्या आपोआपवर विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हती. तिनं आल्या आल्या प्रत्येकीला काम नेमून दिलं, मोठ्यानं, एकदाच. आणि त्या चहाचाही बंदोबस्त केला. एजे वाटीच्या तळाशी घोटभर ओतायच्या, बाई पिऊन वाटी परत करायची, पुन्हा घोटभर, अर्धी सकाळ वाटीच्या येरझाऱ्यांत जायची. झूराकाननं वाट्या काठोकाठ भरल्या. एकदा प्या आणि कामाला लागा. घरच्या पाहुण्याला असं कुणी देत नाही, मान्य. पण ह्या काय पाहुण्या होत्या?

मग बिघडलं कुठे? लोकर चांगली, जळण भरपूर. जीभ तिखट म्हणाल तर ती काही आजची नव्हे.

शेवटी नाक मुठीत धरून ती उलकान-एजेंच्या दारी गेली. एजेंनी बसवलं, तळलेले बोरसोक पुढे केले, वाटीत घोटभर चहा ओतला.

"एजे, तुम्ही त्यांना सांगत काय होतात?"

"काही नाही गं. सांगून कोण ऐकतं?"

"मग त्या ऐकत कशा होत्या?"

"ऐकत होत्या?" एजेंना खरंच नवल वाटलं. "मला कधी कळलं नाही."

झूराकानच्या डोक्याला मुंग्या आल्या. म्हातारी लपवतेय की भाबडी आहे, काही समजेना. वाटी जात होती, येत होती. चौथ्या-पाचव्या वाटीला तिच्या ध्यानात आलं, आपण मघापासून कारखान्याचं सोडून आपल्या मुलीचंच सांगतोय, ती फोन करत नाही म्हणून. हे तर तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात एजेंचा हात थरथरला आणि वाटी काठोकाठ भरली.

झूराकान उठली. विचार करून नाही, अंगच उठलं. गाल तापले, हात शालीकडे गेला.

"अगं, हात चुकला," एजे म्हणाल्या. "काठोकाठ भरली म्हणून जा म्हटलं नाही हं तुला. बस."

ती बसली. आपण रोज सकाळी सगळ्यांना काय देत होतो? मग तिनं विचारलं, त्या काय चहापायी गेल्या? एजे म्हणाल्या, छे, चहापायी कोण काम सोडतं? म्हणजे जरा कुठे उजेड पडला होता, तोही गेला. आणि हात खरंच थरथरला होता की नाही, हे तिला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती घरोघर गेली. कामाचं अवाक्षर काढलं नाही. मेंढवाड्यावर चहाला या, एवढंच.

आल्या. धाकटी जाऊ तेवढी आली नाही. ती शहरात मुलीकडे गेली होती, खरं कारण कुणी सांगितलं नाही. झूराकान घोटभर ओतत राहिली. बोलायला काही सुचेना, म्हणून ती वाट्यांकडे बघत बसली. घोटभर दिलं की बघावंच लागतं, कुणाची रिकामी झाली, कुणी खाली ठेवली. बघता बघता दिसलं, कालिपा डावा हात वाटीला लावतच नाही. अंगठा सुजला होता.

"वळकटीच्या कडेला बसलं की ठणकतो," कालिपा म्हणाली. "कडेला जोर जास्त लागतो."

"मग रक्तदाब?"

"तोही आहे."

"तुला कडेला कुणी बसवलं?"

"तूच की. एजे असताना मी मधे असायचे."

"त्यांनी मधे बस म्हणून सांगितलं होतं?"

"सांगितलं कुठे? कडेला त्या स्वतः बसायच्या. मग मला मधेच जागा उरायची."

म्हणजे चहा की अंगठा? की दोन्ही नाही, आणखीच काही, जे अजून कुठल्या वाटीत दिसलेलं नाही? विचारावं तर कुणाला? एजे म्हणणार, मला काय माहीत.

बुरुलचानं वाटी पुढे केली, "ओत की." पिऊन झाल्यावर तिनं आपणहून बाह्या सारल्या. कुणी काही म्हणालं नाही. पाणी उकळायला लागलं, चटई अंथरली गेली, आणि रांग बसली तेव्हा झूराकान कडेला होती. हात खांद्यापर्यंत भरून आले.

मधल्या विसाव्याला ती पुन्हा किटलीपाशी बसली. आइझान बहिऱ्या शायिरला काही सांगत होती, आणि शायिरला सांगायचं म्हणजे सगळ्या मेंढवाड्याला ऐकू जाणार.

"आमच्या सासूबाई हल्ली करतात काय? नुसता चहा ओततात."

सगळ्यांच्या वाट्या हवेत थांबल्या. झूराकानच्या जिभेवर उत्तर आलं, चांगलं झणझणीत होतं. पण रागवावं की काय करावं, हेच तिला ठरवता येईना. तिनं सुनेची वाटी ओढून घेतली आणि तळाशी घोटभर चहा ओतला.