चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या

कानिओने कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली, त्यातली वाळवून तळलेली लाल मिरची तळहातावर घेतली आणि वाढप्याच्या डोळ्यांदेखत ती ताटातल्या ताल्यातेल्ले पास्त्यावर चुरली.

वाढपी एझिओ हातात पाण्याची बाटली धरून तसाच उभा राहिला. बोलोन्यातल्या या खाणावळीत त्याची हयात गेली होती.

"साहेब, नटलेल्या नवरीवर घोंगडी पांघरतात का तुमच्या दक्षिणेत?"

"थंडी असली तर पांघरतात," कानिओ म्हणाला आणि त्याने पहिला घास घेतला.

समोर बसलेली मेना वडिलांच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत होती. ताटातल्या त्या पिवळ्या पट्ट्या तिने आज पहाटे स्वतः लाटल्या होत्या, स्वतः कापल्या होत्या आणि मगच ती बसस्टँडवर त्याला घ्यायला गेली होती. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याच्या हिशेबी त्याची मुलगी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि जुलैत पदवीधर होणार होती. प्रत्यक्षात नोव्हेंबरपासून तिने वर्गात पाऊल टाकलं नव्हतं. बाजारामागे दिर्चेबाईंचं दुकान होतं, ताज्या पास्त्याचं. ती तिथे कामाला लागली होती. फोनवर सांगायची गोष्ट नाही, असं म्हणत तिने पाच महिने काढले होते. आता बाबा समोर होता आणि त्याची परतीची बस रात्री आठची होती.

कानिओ चावता चावता थांबला. त्याने काट्यावरची पट्टी उजेडात धरली.

"हे कुणी केलंय?"

मेनाचा काटा ताटातच राहिला. एझिओला तिने कालच बजावून ठेवलं होतं. त्याने सावकाश ग्लास भरला.

"मागच्या दुकानातून येतं. एक पोरगी लाटते. हात सोन्यासारखा आहे. तोंडाला मात्र कुलूप."

कानिओने पावाच्या तुकड्याने ताट स्वच्छ पुसलं आणि त्या पोरीला आपला निरोप द्यायला सांगितलं, की डोंगरातल्या एका ड्रायव्हरने तिच्या हातचं ताट धुवायचं शिल्लक ठेवलं नाही. मग मेनाच्या खांद्यावर हात ठेवून त्याने तिची ओळख करून दिली. माझी मुलगी, केमिस्ट, जुलैत पदवी, आमच्या गल्लीतली पहिली. सकाळपासून त्याने ही ओळख बसच्या ड्रायव्हरला, दोन खाटकांना आणि एका पाद्र्याला करून दिली होती.

"असं होय," एझिओ मेनाकडे बघत म्हणाला आणि रिकामी ताटं उचलून आत गेला.

एकतीस वर्षं कानिओ गावच्या शाळेची बस चालवत होता. मुलीच्या शहरात तो आज पहिल्यांदाच आला होता, आणि सकाळी लग्नातला कोट घालून बसमधून उतरल्यापासून तो एका जागी दहा मिनिटं थांबला नव्हता. कमानींखालून चालताना पावलांनी त्यांची लांबी मोजत होता. इथल्या लोकांना छत्री कशी ती माहीतच नसणार, असा निष्कर्ष त्याने काढला होता. चार दुकानांत मोर्तादेल्ला, म्हणजे इथलं डुकराच्या मांसाचं सॉसेज, चाखून चौथ्या दुकानदाराला त्याने तिसऱ्याचा पत्ता दिला होता. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत भिंतभर टांगलेली, शेकडो वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची कुलचिन्हं बघून तो थबकला आणि तुझं कुठे लावणार, असं त्याने विचारलं. सांगायची ती चांगली संधी होती. मेनाने सांगितलं ते एवढंच, की ती प्रथा बंद पडून दोनशे वर्षं झाली.

"मग परत सुरू करतील," तो म्हणाला आणि पुढे निघाला.

त्याचा हा उत्साह तिलाही लागला होता. पाच वर्षं रोज पायाखाली घातलेल्या गल्ल्या तिला आज नव्या वाटत होत्या आणि तिच्या जिभेवर सारखं दुकान येत होतं. तिथलं मीटरभर लांब लाटणं, वर्षानुवर्षं लाटून गुळगुळीत झालेला लाकडी फळा, हे सगळं तिला त्याला दाखवायचं होतं. सुरुवातीला तिने प्रयोगशाळेतला स्क्रूगेज दुकानात नेला होता. लाटलेल्या पोळीची जाडी ती मोजायची. कडेला सहा दशांश मिलिमीटर, मध्यभागी आठ. दिर्चेबाई डोळे मिटून पोळीवरून तळवा फिरवायच्या आणि जिथे आठ भरलं होतं नेमकं तिथेच बोट ठेवायच्या. मेनाने तीन आठवडे पडताळून पाहिलं. बाईंचा तळवा एकदाही चुकला नाही. चौथ्या आठवड्यात स्क्रूगेज खोलीवरच राहिला आणि तो राहिल्याचं संध्याकाळी तिच्या लक्षात आलं. प्रयोगशाळेत पाच वर्षांत तिला कधी घड्याळाचा विसर पडला नव्हता.

खाणावळीतून बाहेर पडल्यावर कानिओने खिशातून दोन तिकिटं काढून तिच्या नाकासमोर नाचवली. ती आत हात धुवायला गेली होती तेवढ्यात त्याने चौकातल्या खिडकीवरून ती आणली होती. शहराच्या दोन जुन्या मनोऱ्यांपैकी जो उंच, त्याची. तीन वाजताची वेळ. पायऱ्या चारशे अठ्ठ्याण्णव, हेही त्याने विचारून घेतलं होतं.

मेना त्याच्याबरोबर चालू लागली.

मनोऱ्याच्या दाराशी तिकीट तपासणारी बाई उभी होती. तिने मेनाच्या खांद्यावरची विद्यापीठाची पिशवी पाहिली आणि शिकतेस का, असं विचारलं. उत्तर अर्थातच कानिओने दिलं. केमिस्ट्री, शेवटचं वर्ष, जुलै.

"मग ही कशी वर येईल?" बाई म्हणाली. "पदवीच्या आधी जो हा मनोरा चढतो त्याला पदवी मिळत नाही. इथली पोरं मरतील, पण चढायची नाहीत."

कानिओ मेनाकडे वळला. "खरंय हे?"

"म्हणतात तसं."

"तू कधी चढलीस?"

"नाही."

दुसरा कुणी असता तर हसला असता. कानिओ बसच्या आरशाला, नजर लागू नये म्हणून, पोवळ्याचं शिंग टांगल्याशिवाय चावी फिरवत नसे आणि शुक्रवारी नवा टायर बसवत नसे. त्याने एक तिकीट मेनाच्या हातात कोंबलं.

"तू खालीच थांब. पाच वर्षांची मेहनत मी एका जिन्यावर लावायचो नाही. तुझ्या वाटणीचंही मीच बघून येतो."

तो आत गेला. त्याची पावलं लाकडावर वाजत वर वर गेली आणि ऐकू येईनाशी झाली.

मेना तिकीट हातात धरून उभी राहिली. जिन्याचा आणि उत्तरपत्रिकेचा काही संबंध नसतो, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिला दुसरंच काहीतरी टोचत होतं. नोव्हेंबरनंतरही ती इथून जाताना पलीकडच्या बाजूने जात आली होती. शिक्षण सोडलंय असं ती स्वतःला रोज सांगत होती. ते खरं असेल तर मनोऱ्याला भ्यायचं कारण काय? आणि ती भीत असेल, तर तिने नेमकं सोडलं काय होतं?

तिने तिकीट बाईसमोर धरलं.

"नक्की?" बाईने विचारलं.

"नक्की."

जिना अरुंद होता. पायऱ्या मधोमध झिजून पन्हाळीसारख्या झाल्या होत्या. मेना पायऱ्या मोजत भराभर चढत राहिली. दोनशे एक्याण्णवाव्या पायरीनंतर एक सपाट जागा आली. तिथे कानिओ कोट मांडीवर घेऊन, मान पुसत बसला होता. पावलांच्या आवाजाने त्याने हसून वर पाहिलं. कुणी अनोळखी असेल तर त्याच्याशी बोलायला तो तयारच होता.

मेना दिसल्यावर ते हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला आनंद विझला.

"खाली जा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "अजून काही बिघडलेलं नाही. अर्ध्यातून वळलं तर धरत नसतील."

"धरतात, बाबा."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी धरतेय."

मागून एक जोडपं आलं. बापलेकीने अंग चोरून त्यांना वाट दिली. ती माणसं दिसेनाशी होईपर्यंत कानिओ कोटाचं एक बटण लावत होता आणि काढत होता.

"किती पेपर राहिलेत?"

"तीन. आणि प्रबंध. ते तसेच राहणार आहेत."

त्याने मान हलवली. ती हो अशी नव्हती आणि नाही अशीही नव्हती. मेनाने वाट पाहिली. वर जायचं की खाली, हे तिने त्याच्यावर सोडलं होतं. शिक्षणाचं मात्र तिचं ठरलेलं होतं.

कानिओ उठला. कोट खांद्यावर टाकला.

"चल पुढे," तो म्हणाला. "लोक खोळंबलेत."

वर वारा भणाणत होता. लाल कौलांचं सगळं शहर पायाशी पसरलं होतं, आणि पाच वर्षांत पहिल्यांदाच मेना ते वरून बघत होती. ती बोलायला लागली ती थांबेचना. दुकान, दिर्चेबाई, तळव्याने कळणारी जाडी, दमट हवेत कणीक कशी रुसते, पहाटे पाचला फळ्यावर पहिला गोळा पडतो तेव्हाचा आवाज. बोलताना तिचे हात हवेतच लाटत होते. मग तिने खाली बोट दाखवलं. दुकानापुढे ताणलेली ती हिरवी कनात.

कानिओ कठड्यावरून वाकला. आधी त्याने भलतीच कनात धरली. फुलवाल्याच्या डावीकडची, असं तिने सांगितल्यावर त्याला सापडली. आरशात मागची गाडी निरखावी तसं तो एक डोळा बारीक करून त्या कनातीकडे बघत राहिला.

"उभ्यानंच करायचं काम?"

"उभ्यानंच."

"किती तास?"

"आठ. शनिवारी दहा."

"मी एकतीस वर्षं बसून काढली," तो म्हणाला. थोडं थांबून त्याने विचारलं, "आवडतं?"

मेनाने उत्तरासाठी तोंड उघडलं, पण शब्द जुळायच्या आधीच तिला हसू फुटलं. ते तिच्या गालांत मावेना. कानिओने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि मग चटकन तोंड वाऱ्याकडे फिरवून रुमाल काढला.

पुढची तुकडी खालून निघाल्याचं सांगत रखवालदार सगळ्यांना जिन्याकडे वळवू लागला. मेना पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तोच कानिओने तिचं मनगट धरलं आणि तिला मागे घेतलं.

"उतरताना मी पुढे," तो म्हणाला. "पडलीस तर माझ्यावर पडशील."