बंद माईकची मळमळ

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. कुणी तोंड जवळ आणलं की मला आता शिसारी येते. मी एक जुना माईक. जाळीला पोचा आलाय, मानेवरचा काळा रंग गेलाय, आणि अंगाला लिपस्टिक, कॉफी आणि पुदिन्याच्या गोळ्यांचा वास येतोय. गाताना माणसं किती थुंकी उडवतात, हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. मी सांगतो, पुष्कळ! पण ती किळस मी केव्हाच गिळली. जी गिळवत नाही, ती सांगायला बसलोय.

कारखान्यात मला जोडलं, दोनदा जमिनीवर आपटून पाहिलं आणि खोक्यात भरलं. २००१ साली शैलेंद्र नावाच्या गृहस्थांनी मला विकत घेतलं, आपल्या लेकीसाठी, मोनासाठी. शैलेंद्र मूळचे नागपूरचे, शिकागोजवळ शॉमबर्गला कॉम्प्युटरची नोकरी करायचे. त्यांची बायको सुलेखा घराच्या बेसमेंटमध्ये पोरींना गाणं शिकवायची. मोना तिथेच शिकली आणि एक दिवस कॉलेजला रामराम ठोकून कंट्री गाणी, म्हणजे अमेरिकेतली खेड्यापाड्यांची गाणी, गायला त्यांच्या पंढरीला, नॅशव्हिलला निघाली. शैलेंद्र चार दिवस धड जेवले नाहीत. मग मुकाट्याने जाऊन मला घेऊन आले.

पहिलं रेकॉर्डिंग एका गॅरेजमध्ये झालं. शेजारी एक फिडल, म्हणजे तिकडचं गावरान व्हायोलिन, आणि मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार. मोना एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जायची, आईने शिकवलेली मींडच ती! कंट्री गाण्यात ती अशी चपखल बसली की फिडलवाला म्हातारा वाजवायचंच विसरला. पुढे आम्ही गावोगावच्या जत्रांत गायलो, गुरांच्या आणि तळलेल्या मक्याच्या वासात. ट्रक चालवणारे दांडगे बाप्ये डोळे पुसायचे. काय दिवस होते हो ते!

मग एका बड्या कंपनीने तिला उचललं. प्रत्येक गाणं दोनदा निघायला लागलं. एक कंट्री रेडिओसाठी, आणि दुसरं फिडल, गिटार काढून, ढोलताशे भरून, पॉप रेडिओसाठी. असू दे म्हटलं, आवाज तर तिचाच आहे. पण तिसऱ्या अल्बमच्या वेळी त्यांनी तिचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घातला. त्या यंत्राला मींड म्हणजे बेसूर वाटली. त्याने प्रत्येक घसरण कापून सूर इस्त्री केल्यासारखे सरळ केले. आणि नेमका तोच अल्बम तुफान खपला!

त्यानंतर दौरे सुरू झाले. स्टेजवर नाचायचं, उड्या मारायच्या, मग दम कुठून पुरणार? मॅनेजरने माझं बटण खाली करून मला बंद केलं आणि वर काळी चिकटपट्टी लावली. टेप वाजायची, मोना नुसते ओठ हलवायची. पंगतीत बसवून रिकाम्या ताटात हात फिरवायला लावावं, तशी गत! तिचा गरम श्वास माझ्या तोंडावर यायचा आणि त्यात आवाजच नसायचा. शी! सुरुवातीला ती विंगेत येऊन रडायची. पुढे रडेनाशी झाली, तेव्हा मला जास्त ओकारी आली. आईचा फोन आला की म्हणायची, "हो गं आई, रियाज रोज चालू आहे." आईला खरं कळलं तर काय, ही एकच भीती तिला उरली होती.

२००८च्या गणपतीत शॉमबर्गच्या मराठी मंडळाने तिला बोलावलं. पहिल्या रांगेत आईबाप, बाजूला मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथकाका, नाट्यसंगीताचे वेडे. टेप सुरू झाली. मोना ओठ हलवू लागली. तिसऱ्या ओळीला काका मांडीवर थाप मारून ओरडले, "वाहवा! वन्स मोअर! तेवढीच ओळ, बेटा!"

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. वन्स मोअर आला की गाणाऱ्याने थांबायचं, हात जोडायचे, ओळ पुन्हा घ्यायची. मोना यातच वाढलेली. तिने नकळत मला दोन्ही तळव्यांत धरून हात जोडले, तोंड मिटलं, मान झुकवली.

आणि स्पीकरमधून मोना गातच राहिली.

"मम्मी, हू इज सिंगिंग?" एका चिमुरडीने विचारलं. मॅनेजरने धावत जाऊन टेप बंद केली.

सुलेखा उभी राहिली. "मोना, कोण गात होतं?"

"मीच, आई. म्हणजे… मशीनमधली मी. सॉरी."

"आणि रियाज?"

मोनाने मान हलवली. "सोडला."

"जाऊ दे गं," शैलेंद्र पुटपुटले, "चारचौघांत कशाला?"

"चारचौघांतच फसवलंय ना तिने?"

मॅनेजर विंगेतून मोनाला आत बोलावत होता. मोनाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नखाने ती चिकट पट्टी ओरबाडून काढली आणि माझं बटण वर केलं.

मित्रांनो, तिने ती ओळ घेतली. आवाज घोगरा, श्वास तोकडा, वरच्या सुराला चक्क फाटला. मागे कुणीतरी खुसखुसलं. माझ्या अंगावर मात्र शहारा आला. कित्येक वर्षांनी माझ्यातून ती मींड गेली, लंगडत का होईना!

सुलेखा उभीच होती. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज मास्तरणीचा होता.

"वरचा सा लागला नाही. पुन्हा घे."

मोनाने पुन्हा घेतला.

बाळांनो, तुमचा आवाज फाटला तर फाटू द्या, लोक हसले तर हसू द्या. थुंकीसुद्धा उडवा, मी सोसेन. पण मला बंदच ठेवायचं असेल, तर पेटीत घालून झाकण लावा. बंद करून तोंडासमोर तेवढं धरू नका.