सलग चाळीस मिनिटं

माझं काम वजनमापांचं. शिक्का मारायची हातोडी माझ्या बॅगेत असते आणि लाल मखमलीच्या पेटीत पितळी वजनं असतात. त्यांना कुणी बोट लावलेलं मला खपत नाही, चिमट्यानंच उचलायची. एकवीस वर्षं मी दुकानदारांचे काटे तपासतोय. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं वजन, सगळं बघून झालंय. मी पायरीवर दिसलो की खोटा काटा गल्ल्याखाली जातो आणि खरा वर येतो, हे तर मला पाठच आहे. एवढं माहीत असून मी जे केलं ते केलं. माझी बाजू घेण्यासारखं यात काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमची मुलगी चौदा वर्षांची. घरात तिला चिमणी म्हणतात. तीन वर्षांची असताना ती सोफ्यावरून जमिनीवर टुणटुण उड्या मारायची, तेव्हा हे नाव पडलं. सातव्या वर्षी तिचे डोळे मिचकायला लागले. मग नाक उडायला लागलं, मग खाकरणं, आणि मग गळ्यातून 'चिक्‌ चिक्‌' असा बारीक आवाज. शाळेतल्या पोरांना आमचं घरातलं नाव आयतंच सापडलं.

डॉक्टर म्हणाले, याला टिक म्हणतात, मुलगी मुद्दाम करत नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन त्याला खोडच म्हणत राहिलो. पाहुणे आले की माझ्या डोक्यात तिडीक जायची. नाकावर माशी बसू न देणारा माणूस मी, आणि माझीच पोरगी चारचौघांत वेडीवाकडी तोंडं करते! हिच्या आईनं पुष्कळ समजावलं. मी ऐकलं नाही. ती दहा वर्षांची झाली तेव्हा मी एक टायमर आणला, ओव्हनजवळ ठेवतात तो, चावी फिरवायचा.

रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी मी एका बाजूला आणि ती समोर. मी तर्जनी वर केली की सुरुवात. बोट वर आहे तोवर काही म्हणजे काही करायचं नाही. डोळे नाहीत, मान नाही, आवाज नाही. पहिल्या दिवशी तिला पन्नास सेकंद जमलं. मी तारीख घालून वहीत लिहिलं. आठवड्यानं चार मिनिटं, दोन महिन्यांनी पंधरा. तिचा चेहरा लाल व्हायचा, ओठ पांढरे पडायचे, पण पोरगी जिद्दीची. मी कधी हात उगारला नाही, हे मोठ्या ऐटीत सांगायचो. हात उगारायची गरजच नव्हती, एक बोट पुरायचं.

गजर वाजला की ती विचारायची, "बाबा, किती मिनिटं झाली?" मी आकडा सांगायचो, शाबासकी द्यायचो आणि ती आंघोळीला पळायची. बाथरूममधला नळ बराच वेळ चालू असायचा. पोरीला पाण्याची हौस आहे, असं मी समजत होतो.

गेल्या वर्षी मानेचा हिसका सुरू झाला. उजवीकडे, असा जोराचा की कट्‌ आवाज यायचा. यंदा तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर पडायला लागली, पेन गळून पडायचं. मेंदूच्या डॉक्टरांनी मानेचा फोटो बघितला आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. मानेतली नस दबतेय, हे हिसके कमी झालेच पाहिजेत, नाहीतर हात कायमचा जाईल. गोळ्यांनी तर ती वर्गात झोपायची. मग त्यांनी रुग्णालयातल्या एका शिकवणीचं सुचवलं. आतून जे दाटून येतं ते वेळीच ओळखायचं आणि त्या जागी दुसरी, इजा न करणारी हालचाल करायची, असं तिथे शिकवतात. बारा आठवडे, फक्त आठ मुलं. त्यासाठी आधी मोजणी होणार होती. पन्नासपैकी वीस किंवा जास्त गुण पडले तरच प्रवेश, आणि पुढची तुकडी थेट वर्षानं.

मोजणीच्या दिवशी टॅक्सीत मी तिला म्हणालो, "हे बघ, आज अडवायचं नाही. आज सगळं येऊ दे. आज चालेल."

"हो बाबा," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून एक हिसका दिला.

मोजणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा दोरीला अडकवलेला. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. मी सवयीनं चिमणीच्या समोरच्या खुर्चीत बसलो. हिची आई कोपऱ्यात. बाईंनी कागद पुढे ओढला आणि समजावलं. गेल्या आठवड्यात कोणकोणत्या टिक झाल्या, किती वेळा, किती जोराच्या, किती गुंतागुंतीच्या, आणि कामात किती आडव्या आल्या. प्रत्येकाला शून्य ते पाच. हालचालींचे पंचवीस, आवाजांचे पंचवीस.

मला मनात हसू आलं. हे कसलं माप? वजन नाही, पारडं नाही, नुसती विचारपूस! मी म्हटलं, बाईंना डोळे आहेत, बघतील आणि मोजतील.

पण बघायला काही नव्हतंच. चिमणी टेबलाशी बसली होती, पाठ ताठ, हात मांडीवर, नजर माझ्यावर. डोळे मिचकत नव्हते. मी मनात म्हणत होतो, कर ना, आता कर ना गं. ती तशीच. टेबल, समोर मी, आणि भिंतीवर टिकटिकणारं घड्याळ. पोरीनं टॅक्सीतलं एक वाक्य ऐकायचं की चार वर्षांची तालीम?

"मानेचा हिसका दिवसातून किती वेळा?" बाईंनी विचारलं.

"अहो, दर पाच..." हिची आई बोलायला लागली.

"तू थांब," मी म्हणालो. "तसं काही सतत नसतं. शाळेत तर कुणाच्या लक्षातही येत नाही."

हे मी का बोललो? वीस गुण हवेत हे मला ठाऊक होतं. बोटं बधिर पडतात हे ठाऊक होतं. पण परक्या बाईसमोर माझ्या मुलीच्या नावावर पाच, पाच, चार असे आकडे लागणार असं दिसलं आणि माझी जीभ आपोआप वळली. जन्मभर हिच्याबद्दल चांगलंच सांगत आलो. वाईट सांगायची सवय एका सकाळीत कुठून आणू?

"आवाजांमुळे अभ्यासात अडचण?"

"पहिल्या पाचांत असते ती."

"आणि अजिबात टिक न होता जास्तीत जास्त किती वेळ जातो?"

माझी छाती फुगली. हो, फुगली, खोटं कशाला सांगू. "सलग चाळीस मिनिटं," मी म्हणालो. "नोंद आहे माझ्याकडे, तारखेसकट."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून चिमणीकडे बघितलं. "खरंय का बाळा? तुला काय वाटतं?"

चिमणीनं माझ्याकडे बघितलं. "बाबा सांगतात तसंच."

बाईंनी बेरीज केली, पुन्हा तपासली. चौदा. "यादी आजच बंद होतेय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांची चिठ्ठी वाचलीय मी, म्हणून दोनदा विचारलं. पण तुम्ही सांगता आणि मला दिसतं, त्यावरच आकडा ठरतो." हेच वाक्य, शब्द इकडेतिकडे करून, मी दुकानदारांना ऐकवतो. त्यांचे चेहरे का पडतात ते तेव्हा कळलं.

बाहेर येताच चिमणी बायकांच्या स्वच्छतागृहात शिरली. नळ सुरू झाला. पाण्याच्या आवाजातूनही ते ऐकू येत होतं. चिक्‌, चिक्‌, खाकरणं, आणि मध्येच फरशी बसवलेल्या भिंतीवर काहीतरी आपटल्यासारखं.

"काय करतेय ती?"

"जे तुमच्यासमोर करत नाही ते," हिची आई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "रोजच करते. तुमचा गजर वाजला की. मला वाटलं, आज तरी तुम्ही मला बोलू द्याल."

चार वर्षं मी पारडं बघत बसलो होतो आणि माल मागच्या दारानं जात होता.

चिमणी बाहेर आली, पण तिचं थांबलं नव्हतं. मान हिसक्यावर हिसके खात होती, डोळे गच्च मिटत होते, उजवा हात तिनं डाव्यानं धरून ठेवला होता. मी बाईंच्या दाराकडे धावलो. ठोठावलंही नाही. "मॅडम, बाहेर या! आत्ता या! आत्ता मोजा!" आयुष्यात पहिल्यांदा ती खोड कुणाला तरी दिसावी म्हणून मी ओरडत होतो.

बाई खरंच आल्या, कागद हातात घेऊन. भल्या होत्या बिचाऱ्या.

"ती बघा!" मी हात उंच करून चिमणीकडे बोट दाखवलं.

चिमणी थांबली.

एका क्षणात. मान सरळ, ओठ मिटलेले, डोळे माझ्यावर. भिंतीला टेकून ताठ उभी राहिली. तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, ओठ पांढरे पडले. मी म्हणत होतो, "कर गं, येऊ दे, बाबा रागावणार नाही." ती ऐकत होती, पण तिची नजर माझ्या तोंडावर नव्हतीच.

बाई पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग आणखी दोन. आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. "पुढच्या वर्षी नक्की आणा हिला," त्या हळूच म्हणाल्या, "आणि तोवर मान जपा." दार लागलं.

चिमणी अजून तशीच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, तेही न मिचकता.

"अहो," हिची आई म्हणाली, "बोट."

मी बघितलं. माझी तर्जनी अजून वरच होती. हिच्या आईनं माझं मनगट धरून हात खाली ओढला.

तेव्हा कुठे चिमणीनं श्वास सोडला. "बाबा," तिनं विचारलं, "किती मिनिटं झाली?"