भिंतीतली संत

पांदेलिसने टोपी काढली आणि वाकून संगमरवरी पायांवर ओठ टेकले. तोच संग्रहालयाची पहारेकरीण धावली.

“ओ आजोबा! तोंड काय लावताय?”

“पाया पडतोय, बाई. आमची संत अनास्तासिया आहे ही.”

“संत कसली! अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या कुणा बाईच्या थडग्यावरचा दगड आहे. हातात दागिन्यांची डबी आहे बघा.”

“औषधाची,” पांदेलिस शांतपणे म्हणाला. “माझ्या या पोरीचा लहानपणीचा ताप त्यातल्याच तेलाने उतरला.”

शेजारी उभी असलेली त्याची मुलगी एवंथिया लाजून खिडकीबाहेर बघू लागली.

डोंगरावरच्या छोट्या चर्चच्या भिंतीत हा दगड पिढ्यानपिढ्या बसवलेला होता. बाया दिव्यातलं तेल संताच्या डबीला लावत आणि तेच बोट आजारी पोराच्या कपाळी. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी भिंतीत नुसतं भगदाड उरलं. किल्ली पांदेलिसकडे असायची. ‘संताला विकून खाल्लं,’ असं गाव तोंडावर म्हणालं. बायकोने त्याच घोराने अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. कॉफीच्या दुकानात त्याच्या टेबलाशी बसायचा तो एकटा सोतिरिस, चर्चचा गायक आणि एवंथियाचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता. रविवारच्या प्रार्थनेत तो गाई आणि पांदेलिस त्याच्यामागे खालचा अखंड सूर धरी.

गेल्या आठवड्यात पेपरात संग्रहालयाचा फोटो आला. एवंथियाने दगड ओळखला. सोतिरिसला चल म्हटलं, तर त्याचा गुडघा दुखत होता.

“खाली काय लिहिलंय गं?”

एवंथियाने वाचलं, पण मनात.

“मोठ्यानं वाच की. बापाला बारीक अक्षर दिसत नाही, ऐकू येतं.”

“‘सोतिरिस कालिवास यांनी स्वखुशीने सुपूर्द केले.’ खाली साल आहे, बाबा. दगड गेला तेच.”

पांदेलिसने टोपी डोक्यावर चढवली, पुन्हा काढली.

“किल्ली मीच दिली होती त्याला. म्हणाला, एकट्यानं रियाज करायचाय.”

“इतकी जुनी वस्तू सरकारचीच, ती सरकारला दिली, बरंच केलं. पण अकरा वर्षं एक शब्द नाही? आईच्या अंत्यविधीला तेच गायले, बाबा!”

“गायला. फार सुंदर गायला.”

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

“दिसली का रे?” पलीकडे सोतिरिस होता. “कशी आहे?”

“स्वच्छ पुसलीय. काजळी गेली सगळी.”

“खाली... काही लिहिलंय?”

“लिहिलंय.”



“पांदेलिस, मला वाटलं होतं चार दिवसांत गाव विसरेल. मग बोलायचं राहूनच गेलं रे.” सोतिरिस घाईने पुढे म्हणाला. “उद्या रविवार आहे. तू खालचा सूर धरला नाहीस, तर माझं गाणं उभंच राहत नाही. येशील ना?”

एवंथियाने त्याच्याकडून फोन घ्यायला हात पुढे केला. पांदेलिसने मान हलवून तो बाजूला सारला.

“येईन,” तो म्हणाला. “सूर काय तुझ्यासाठी धरतो होय मी?”