चुकली की तिसरी

खाली बघा. अजून खाली, पायांशी. मी बोलतेय, चौथीच्या वर्गाच्या दारापासून कालपर्यंत तिसरी असलेली फरशी. दगड बोलायला लागला म्हणून दचकू नका. इतकी वर्षं इतकी मुलं माझ्यावर उभी राहून माझ्याशी बोलली आहेत, आता एकदा मी उलट बोलले तर बिघडलं कुठे?

माझा जन्म खाणीतला. यंत्राच्या पात्याखाली आम्ही सगळ्या बहिणी एका मापाच्या कापल्या गेलो. गाडीतून उतरवताना हमालाच्या हातून मी निसटले आणि माझा एक कोपरा उडाला. फार नाही, पायाचा अंगठा बसेल एवढाच. गवंड्याने मला उचलून उन्हात फिरवून पाहिलं आणि जोडीदाराला म्हणाला, "ही वर्गात नको. पोरं अडखळतील. बाहेर टाक." झालं. धडधाकट बहिणी आत गेल्या आणि मी व्हरांड्यात आले. चूक हमालाची होती, पण हमालाला कोण विचारतं?

चौथीचे सर तेव्हा तरुण होते. शुद्धलेखनाचं भारी वेड. त्यांच्या हातात कधी छडी दिसली नाही. छडीची गरजच नव्हती. ते फक्त दाराकडे बोट करायचे आणि म्हणायचे, "तिसरी."

मला त्यांनी विचार करून निवडलं होतं. पहिल्या फरशीवर उभं केलं की पोरं आतल्यांशी खाणाखुणा करत. दुसरीवरून फळा दिसे. माझ्यावरून आतलं काहीच दिसत नाही, आवाज तेवढे येतात. आत सगळे हसतायत आणि कशाला हसतायत ते आपल्याला कळत नाही, यासारखी शिक्षा नाही. मी ती जन्मभर भोगली आहे, म्हणून सांगते.

मुलांनी त्याचं गाणंच केलं होतं. वेलांट्या दोन, पहिली नि दुसरी, चुकली की तिसरी. घरी जाऊन सांगायची, "आज मला तिसरी मिळाली." घरच्यांना वाटायचं पोराचा नंबर आला.

मोठा गुन्हा असला की नुसतं उभं राहून भागत नसे, अंगठे धरावे लागत. तेव्हा चेहरा माझ्याजवळ यायचा. म्हणून माणसाचं तोंड मला उलटंच ओळखता येतं, हनुवटी वर आणि कपाळ खाली. असं वाकून रडलं की डोळ्यांतलं पाणी गालावर येत नाही, भुवयांवरून कपाळावर जातं आणि तिथून केसांत. दगडाला पाझर फुटत नाही म्हणतात. म्हणणाऱ्याने दगडाला एकदा विचारायचं होतं.

माझं नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे भोंगा. आवाज एवढा मोठा की कुजबुजला तरी शिपाईमामांना ऐकू जाई. आठवड्यातून चार वेळा तरी यायचा. वर्गात चपला चालत नसत, त्यामुळे त्याचे मळके पाय मला पाठ होते. माझ्या उडालेल्या कोपऱ्यात अंगठा खुपसून म्हणायचा, "काय गं, कंटाळलीस का?" मी काय बोलणार? पण बरं वाटायचं. खरं सांगू? घंटा झाली आणि ते पोर आत गेलं की मला चुकल्यासारखं व्हायचं.

मुंगी मात्र माझ्याकडे एकदाच आली.

मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. नाव वेगळं होतं, पण ते हजेरीपुरतं. बोलायची हळू, चालायची भिंतीच्या कडेने. कधीमधी तिला न्यायला यायची तिची आत्या. शिवणकाम करायची, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत असायची. मुंगीच्या घरी त्या दोघीच असाव्यात, कारण दुसरं कुणी मी कधी पाहिलं नाही.

त्या दिवशी शाळा तपासायला मोठे साहेब आले होते. चौथीत मागच्या बाकावर बसून सरांचा तास ऐकत होते. सर फळ्यावर वाक्य लिहीत होते, खडूचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता. तेवढ्यात मुंगीचा आवाज आला.

"सर, पाणीमधली णी दुसरी. तुम्ही पहिली काढलीत."

खडू थांबला. मग साहेब हसले. साहेब हसले म्हणून मुलं हसली. सर इतके दिवस ज्या वेलांटीसाठी पोरांना बाहेर काढत आले, तीच साहेबांसमोर चुकली होती. माणूस होते, घाबरले असतील. पण घाबरलेला मोठा माणूस काय करतो, तर लहान माणसावर ओरडतो.

"फार शहाणी झालीस. तिसरी. आणि मी सांगेन तेव्हाच आत यायचं."

मुंगी आली. पाय केवढेसे, वजन जाणवेना. रडली नाही. थोड्या वेळाने उजव्या पायाच्या अंगठ्याने माझ्यावरच्या धुळीत तिने 'णी' काढला, उजवीकडे छान लांब ओढलेली वेलांटी असलेला. मग घाबरून तळव्याने पुसून टाकला.

तास संपला. साहेबांना घेऊन सर चहाला गेले, तिकडून दुसऱ्या वर्गांवर, तिकडून फाटकापर्यंत पोचवायला. शेवटची घंटा झाली. मुलं माझ्यावरून, तिच्या आजूबाजूने धावत गेली. भोंगा परत आला, तिचं दप्तर आणून तिच्या पायाशी ठेवलं आणि त्याला जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाला, "चल की. सुटली शाळा."

"सरांनी आत ये म्हटलं नाही अजून," ती म्हणाली.

भोंगा थोडा वेळ थांबला. मग त्याचा मोठा भाऊ फाटकातून हाका मारायला लागला, तसा गेला.

व्हरांड्यातलं ऊन भिंतीवर चढलं. शिपाईमामा एकेक वर्ग बंद करत आले. त्यांच्या मागून आत्या धावत आली. मुंगी घरी आली नाही म्हणून शिलाई टाकून निघाली होती, साडीला दोरे चिकटलेले होते.

"अगं, काय करतेस इथे? जीव टांगणीला लागला माझा."

"सरांनी बोलावलं नाही."

"सर केव्हाच घरी गेले, राणी. चहा पिऊन पडलेसुद्धा असतील. चल."

"मग मला आत कोण घेणार?"

आत्याने दप्तर खांद्याला अडकवलं. तिला उचलून कडेवर घेतलं. चौथीतली मुलगी कडेवर शोभत नाही, पण मुंगी मावली. जाताना तिचे पाय हवेत लोंबत होते, तळवे धुळीने काळे झाले होते.

इथपर्यंत मी सरांना माफ करते. माणूस विसरतो.

दुसऱ्या दिवशी घंटेआधीच मुंगी आली आणि आपण होऊन माझ्यावर येऊन उभी राहिली. दप्तर पाठीवर, पाय जुळवलेले. काल जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू करायचं, असा तिचा सरळ हिशेब होता. सर आले. माझ्यापाशी त्यांची पावलं थांबली. मी खालून बघत होते, चपलेत त्यांच्या पायाचे अंगठे आत वळले. त्यांना सगळं आठवलं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण दारात सगळा वर्ग माना काढून बघत होता, आणि 'आत ये' म्हटलं असतं तर काल विसरलो हे कबूल केल्यासारखं झालं असतं. ते आत निघून गेले.

हजेरी सुरू झाली. मुंगीचं खरं नाव आलं. कुणी 'हजर' म्हणेना.

"सर, ती बाहेर उभी आहे," भोंगा म्हणाला.

"बाहेर आहे म्हणजे वर्गात नाही. गैरहजर," सर म्हणाले.

माझ्यावर उभी असलेली मुलगी मला जाणवत होती.  ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "हजर." मी ऐकलं. मी ऐकून काय उपयोग?

मधल्या सुट्टीत मोठ्या बाई आल्या. शाळेच्या मुख्य त्या. त्यांनी मुंगीचा हात धरला आणि म्हणाल्या, "चल, तू दुसऱ्या तुकडीत बस आजपासून." मुंगी निघेना. "सर आत्ता बोलावतील," म्हणाली. बाईंनी जवळजवळ ओढतच नेली.

त्या तुकडीत ती हुशार निघाली म्हणे. पण व्हरांड्यातून जाताना ती माझ्यावर पाय ठेवत नसे. दुसरीवरून चौथीवर उडी मारायची. मला वाईट वाटायचं. मी तिला काय केलं होतं?

सरांनी त्यानंतर तिसरी देणं हळूहळू बंदच केलं. पुष्कळ वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी सगळे गेल्यावर एकटे आले, माझ्यावर उभे राहिले, दाराकडे बघत राहिले आणि मग गेले.

पुढे शिक्षा करायचीच नाही असा नियम झाला. चांगलंच झालं, त्यात दुमत नाही. लेकरांना बाहेर काढू नये. पण खोटं कशाला बोलू, मला करमेना. मुलं माझ्यावरून धावत जातात, थांबत कुणी नाही. कोपऱ्यात अंगठा घालून 'कंटाळलीस का' कुणी विचारत नाही. कधीकधी मला वाटायचं, एखाद्याने चुकावं. मग माझीच मला लाज वाटायची.

या सुट्टीत शाळेची डागडुजी निघाली. जुन्या फरश्या काढून चकचकीत पांढऱ्या बसवायच्या ठरल्या. कामावर देखरेखीला एक इंजिनिअर बाई आल्या. पायात जाड बूट, गळ्यात मापाची टेप. टेप बघून मला उगीच आत्या आठवली. त्या दारापाशी आल्या आणि दुसरीवरून चौथीवर मोठं पाऊल टाकून आत गेल्या.

मी ओळखलं. बूट असले म्हणून काय झालं?

परवा बाई वर्गात एकट्याच मापं घेत होत्या. व्हरांड्यातून काठीचा आवाज आला, टक, टक. सर. पार वाकलेले, त्यामुळे अंगठे न धरताही त्यांचं तोंड मला दिसत होतं. माझ्यावर येऊन थांबले आणि आत बघून म्हणाले, "बाई, ही फरशी काढणार का हो?"

"सगळ्याच काढणार. का?"

"मी इथे शिकवायचो. एका मुलीला या फरशीवर उभं करून विसरलो होतो."  काठीचं टोक माझ्यावर इकडेतिकडे फिरत होतं. "लोकांना मी तेवढंच सांगतो. पण पहिल्या दिवशी विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी विसरलो नव्हतो."

आत टेप सर्रकन मिटली.

"काय चुकलं होतं तिचं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. पाणी शब्दात मी पहिली वेलांटी काढली होती."

"णी दुसरी," बाई म्हणाल्या.

काठी थांबली. सरांनी मान वर करून आत पाहिलं.   बाईंनी टेप पुन्हा उघडली आणि भिंत मोजायला लागल्या. एक भिंत झाली. दुसरी झाली. सर हलले नाहीत. जायला वाट मोकळी होती, तरी गेले नाहीत, त्या पोरीसारखेच उभे राहिले. मी मनात म्हणत होते, बोल बाई, बोल. तुला माहीत आहे ना इथे कसं वाटतं? तिसरी भिंत मोजून झाली. बूट दाराकडे आले.

"या सर. आत या."

"हो बाई," सर म्हणाले. अगदी चौथीतल्या मुलासारखं. आणि एकेक पाय उचलत आत गेले.

आत काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. मी तिसरी. खडूचा आवाज मात्र आला, थोडा वेळ, थांबत थांबत.

काल मला काढलं. व्हरांड्याच्या पायरीवर वाळू पडली होती म्हणून कामगारांनी मला वर्गातून मागच्या दाराने नेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी आत गेले. पंचवीस पावलांचं काम, त्यात मी फळा बघून घेतला. वाकड्यातिकड्या म्हाताऱ्या अक्षरात एकच शब्द लिहिला होता, 'पाणी'. दुसरी वेलांटी होती, आणि खाली ओढता ओढता पार फळ्याच्या कडेपर्यंत गेली होती.

आता मी शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभी आहे. उद्या गाडी येईल आणि फुटक्या विटा-मातीच्या राबिटासोबत मला घेऊन जाईल. माझ्यावर आता कुणी उभं राहणार नाही, आणि मी कुणाची वाट बघणार नाही. तुमच्याकडे एवढंच मागते. घरात, वर्गात, कामावर, रागाच्या भरात तुम्ही कुणाला तरी बाहेर काढालच. तेव्हा आठवण ठेवा, ते तिथेच उभं असतं. घंटा व्हायच्या आत त्याला आत घ्या.