वेर्नाची फेक

फळी इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं — वीतभर लाकूड, त्यावर शेजारीशेजारी दोन जुन्या पेनी, काट्याच्या बाजूला पांढरी फुली... आणि एवढ्याशा या नाणी उडवायच्या फळीपायी माझ्या नवऱ्याचे, क्लेमचे, सगळे रविवार जुगारात गेले, आणि त्याच्यामागे माझेही! वेर्नाला हसू आलं, संतापही आला. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीतले खाणीवरचे सगळे पुरुष या पत्र्याच्या कुंपणाआत, आणि बायका बाहेर, तापलेल्या गाड्यांत पोरं सांभाळत — आतली आरोळी ऐकून आज घरी मटण येणार की नुसते बटाटे, ते ओळखत. क्लेम जाऊन दोन हिवाळे उलटले, तेव्हा कुठे आज अँझॅक दिनाला, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनी, तिनं आत पाय टाकला होता, आणि पाळी लावून फळी मागितली होती.

दोन्ही छापे पडले की फेकणारा जिंकला. दोन्ही काटे, की हरला, फळी दुसऱ्याकडे. एकेक पडला तर पुन्हा फेक. बस्स, एवढंच! यात बाईला न जमण्यासारखं काय होतं रे, क्लेम?

"सोडा!" रिंगणवाला आर्ची ओरडला; त्याच्या या आरोळीवरच पेनी फेकायच्या.

तिनं मनगट उडवलं. पेनी फिरल्याच नाहीत, नुसत्या तरंगत खाली आल्या.

"रद्द! गरगर फिरायला हव्यात, डोक्यावरून उंच!"

"अगं, आम्लेट उलटतेस काय?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळं रिंगण खिदळलं.

तिचे कान तापले. मर्वनं, क्लेमच्या धाकट्या भावानं, हात पुढे केला. "दे वहिनी. तुझ्या वतीनं मी फेकतो."

माझ्या वतीनं... क्लेमही हेच म्हणायचा, घरखर्चाचे पैसे खिशात घालताना — तुझ्यासाठीच खेळतो गं — आणि मी मुकाट्यानं दार लावून घ्यायची. रिंगणाच्या हसण्यापेक्षा तिला त्या पुढे आलेल्या हाताचीच चीड आली.

"तुझी पाळी येईल तेव्हा फेक," ती म्हणाली.

या वेळी तिनं खांद्यापासून जोर लावला. पेनी पत्र्याच्याही वर गेल्या, फिरत, लखलखत, आणि सगळ्यांच्या माना वर झाल्या, मर्वचीसुद्धा. धप्, धप् — लाल मातीत एक छापा, एक काटा.

"एकेक! पुन्हा!" आर्चीनं पेनी उचलून तिच्या फळीवर मांडल्या.

"झालं की वहिनी," मर्व हळूच म्हणाला. "हरली नाहीस, अब्रू राहिली. आता तरी दे."

अब्रू! तिनं मनात चाचपून पाहिलं, तर हरायची भीती कुठे सापडेचना. इतकी वर्षं घरातलं जे जे हरलं ते दुसऱ्याच्या हातानं हरलं... रडले मात्र मी. एक हार तरी माझी म्हणावी अशी कुठे होती? पडू देत दोन्ही काटे. माझ्या हातानं पडू देत.

तिनं मर्वकडे पाठ केली.

"आर्ची, बघत काय बसलायस?" ती म्हणाली. "ओरड की!"