बोकडाच्या दाढीची मिशी

मित्रांनो, मी एक जुनी मिशी आहे. खोटी. आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही माझ्याकडे संशयाने बघत आहात. मीही तुमच्याकडे तशीच बघते आहे.

निजामाच्या राज्यात तलवाड्याच्या एका न्हाव्याने बोकडाच्या दाढीपासून मला घडवले. सोंगाड्यांच्या ओठांवर मी रावण झाले, कोतवाल झाले. पुढे नव्या मिशा आल्या आणि मी चिंध्यांत गेले. तिथून शिमोन पाद्रींनी मला उचलले. ते गावोगाव मुका सिनेमा दाखवत. खेळाआधी त्यांचा सोबती म्हाळू मला लावून लोकांना हसवी.

तेलगावात एका वऱ्हाडी शिपायाने सिनेमाच्या यंत्रात डोकावून विचारले, "यात माणसं कावून कोंडलीत बे?" मला तो शिपाईच खोटा वाटला.

त्या गावात त्रिंबक नावाचा तरुण होता. वय लग्नाचे, ओठ मात्र कोरा. नेकनूरचे बंकटराव त्याला मुलीसाठी बघायला आले होते आणि बिनमिशीचा जावई त्यांना नको होता.

"म्हाळूदादा, आजच्यापुरती दे," त्रिंबकने गळ घातली. "न्हाईतर पोरगी गेली हातची."

म्हाळूने मला डिंकाने चिकटवले. डिंकावर माझा विश्वास नव्हता.

दिवेलागणीला सगळेच सिनेमाला आले. बंकटराव त्रिंबकशेजारी, बायका पडद्यामागे. पडद्यावर एक भुरटा साहेबाची मिशी लावून मेजवानीत शिरला. मिशी रश्शात पडली. त्याने ती चमच्याने खाल्ली. गाव लोळून हसले. त्रिंबक हसला नाही. हसला असता तर मी पडले असते.

मग पाद्री उभे राहिले. "बायबलातल्या याकोबानं हाताला करडाचं कातडं बांधलं, भावाचं सोंग घेतलं आन् आंधळ्या बापाला फसवलं. पुढं देवानं त्याला गाठून इचारलं, 'तुझं नाव काय?' खरं नाव सांगितलं, तवाच आशीर्वाद घेऊन सुटला."

हे मलाच उद्देशून आहे, अशी माझी खात्री झाली.

त्रिंबकचा श्वास गरम झाला. त्याने मला उपटले. "मामा, ही माजी न्हाई. बोकडाची हाय. मी असाच हाय."

बंकटराव मला उलटीसुलटी करून बघत राहिले. पडद्यामागून त्यांच्या पत्नी भिवराबाई ओरडल्या, "आवं, पोरानं काढली. तुमी कवा काढताय?"

बंकटरावांनी हळूच स्वतःची मिशी सोलून मांडीवर ठेवली. पाद्रींनी भिडेखातर दिवा विझवला.

"पोरगी दिली," अंधारातून आवाज आला. "पर डिंक कोणता, तेवढं सांगा."

आता मी आणि बंकटरावांची मिशी, आम्ही दोघी एकाच पेटीत असतो. ती स्वतःला खानदानी म्हणवते. मला संशय आहे.

मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका. सोंगाला मी हवीच. पण कुणी "तू कोण?" असे विचारले, तर आधी मला उतरवा. मग तोंड उघडा.